चोपडीतील कन्येचे खाते

जैन परंपरेत विद्येचा आरंभ मुलींपासून झाला, असे मानले जाते. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी या कन्येस लिपी आणि सुंदरी या कन्येस अंकविद्या शिकविली, अशी कथा आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात येते. ज्या समाजाचा सारा व्यवहार अक्षर आणि अंक यांवर उभा आहे, त्याने हे ऋण विसरता कामा नये. चार दानांमध्ये ज्ञानदानाचे स्थान आहार, औषध व अभय यांच्या बरोबरीचे आहे. तरीही पेढीचा दानधर्म म्हटला की मंदिर, पांजरपोळ, धर्मशाळा आणि अन्नदान ही नावे आधी आठवतात. कन्याशिक्षणाचे नाव मागाहून येते.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर या विषयाचा मोठा धडा 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेने दिला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीची घरे कोसळली आणि हजारो माणसे दगावली. धान्य, कपडे, औषधे यांचा ओघ देशभरातून आला. मूळचे बीड जिल्ह्यातील आणि पुण्यात बांधकाम व्यवसायात स्थिरावलेले शांतिलाल मुथ्था यांनी मात्र वेगळा प्रश्न विचारला : मदतीचे ट्रक परतल्यावर या मुलांचे काय? 1985 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी घेतली. वाघोलीचे शैक्षणिक पुनर्वसन केंद्र त्यातूनच आकारास आले. पुढे मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे शिकली. किशोरवयीन मुलींचा आत्मविश्वास, आरोग्य, स्वसंरक्षण व निर्णयक्षमता यांसाठी संघटनेने ‘स्मार्ट गर्ल’ हा उपक्रमही हाती घेतला.

याच भूकंपानंतर प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून घरदुरुस्तीच्या कामाशी जोडले. उंबऱ्याबाहेर पडलेल्या या स्त्रिया पुढे बचत गट, शेती आणि लघुउद्योगांकडे वळल्या. संकटकाळी केलेली मदत पोट भरते. जबाबदारी घेऊन वर्षानुवर्षे चालविलेले काम माणूस उभा करते. या दोन्ही उदाहरणांचे सार एवढेच आहे.

आज भूकंप नाही, पण मुलींची गळती चालूच आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील 20 ते 24 वयोगटातील सुमारे 22 टक्के स्त्रियांचा विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच झाला होता. डॉक्टर होण्यासाठी राज्यभरातील विद्यार्थी लातूर व नांदेडच्या शिकवणी वर्गांत येतात. परंतु त्याच जिल्ह्यांतील मुखेड, कंधार किंवा औसा तालुक्यातील एखादी हुशार मुलगी दहावीनंतर घरी बसते. 2024 मध्ये राज्य शासनाने 8 लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या, ठराविक प्रवर्गांतील कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले. निर्णय स्वागतार्ह आहे. मात्र खोलीचे भाडे, खानावळ, पुस्तके आणि सुरक्षित निवास यांचा भार कुटुंबावरच राहतो. पुष्कळदा शिक्षण शुल्कावाचून अडत नाही, ते वसतिगृहावाचून अडते. व्यापाऱ्याची मदत नेमकी येथे हवी.

ही मदत कशी उभी करावी, याचे उत्तर बाजारपेठेच्या जुन्या रिवाजातच आहे. बिलावर धर्मादा आकारण्याची प्रथा नवी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 54 नुसार अशी रक्कम गोळा करणारा व्यापारी तिचा मालक नसतो, विश्वस्त असतो, आणि तिचा वार्षिक हिशेब धर्मादाय कार्यालयास देणे त्याच्यावर बंधनकारक असते. धर्मादा हे व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयानेही बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात दिला. ज्या कार्यासाठी रक्कम घेतली त्याच कार्यासाठी ती खर्च व्हावी, हे ओघानेच आले. मात्र शेतकऱ्याच्या पट्टीतून कपात करून पुण्य जोडणे धर्मात बसत नाही. कन्येच्या खात्यात जमा होणारी रक्कम पेढीने आपल्या नफ्यातून काढावी.

हिशेब अवघड नाही. वर्षाला 5 कोटी रुपयांची उलाढाल असलेल्या डाळमिलने अगर आडत दुकानाने शंभर रुपयांमागे केवळ 10 पैसे बाजूला ठेवले, तरी वर्षाअखेर 50,000 रुपये जमतात. अशा दहा पेढ्या एकत्र आल्या तर 5 लाख होतात. कंपनी कायद्यातील 2 टक्क्यांची सक्ती मोठ्या कंपन्यांसाठी आहे. छोट्या पेढीवर ती नाही. म्हणूनच तिच्या स्वेच्छेचे मोल अधिक आहे. एक पथ्य मात्र पाळावे. दरवर्षी नवी मुलगी निवडून छायाचित्र काढण्यापेक्षा एकाच मुलीस अकरावीपासून पदवीपर्यंत साथ द्यावी. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी पहिली कात्री याच खात्याला लागते आणि मधेच तुटलेल्या मदतीने मुलगी दुसऱ्यांदा निराधार होते. यास्तव तेजीच्या वर्षात दोन वर्षांची रक्कम मुदत ठेवीत राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

दानाइतकेच महत्त्व पेढीच्या आतील वर्तनास आहे. धान्य निवडणाऱ्या स्त्रियांना रास्त मजुरी वेळेवर मिळाली, तर त्यांच्या मुलींची शाळा दात्याविना चालते. मजूर कुटुंबातील मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी तिचे सुकन्या समृद्धी खाते अवघ्या 250 रुपयांत उघडता येते. ते उघडून देण्यास मालकाचा अर्धा दिवसही जात नाही. आणि स्वतःच्या घरातील वाणिज्य पदवीधर कन्येस अगर सुनेस पेढीच्या कागदावर केवळ नावापुरती भागीदार न ठेवता चोपडी, बँक व खरेदी यांचे अधिकार द्यावेत. बाहेरच्या मुलींना शिकविणारी आणि घरच्या मुलीची विद्या कपाटात ठेवणारी पेढी अर्धाच धर्म पाळते.

परिग्रह-परिमाण व्रत संपत्तीस मर्यादा घालण्यास सांगते. मर्यादेबाहेरचे धन कोठे जावे, हे ठरविण्याचा विवेक गृहस्थाकडे सोपविते. येत्या लक्ष्मीपूजनास ‘शुभ-लाभ’ लिहून नवी चोपडी उघडली जाईल. तिच्या एका पानावर कन्याशिक्षणाचे खाते मांडावे, पहिल्याच दिवशी त्यात रक्कम जमा करावी आणि वर्षाअखेर ताळेबंद काढताना ते पान घरातील मुलीकडून वाचून घ्यावे. सुंदरीस मिळालेली अंकविद्या त्या दिवशी खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल.