आधी शाळेत जाऊन या

मुंबईत मूल पाच वर्षांचं झालं की घराघरांत शाळेची चर्चा सुरू होते. त्या चर्चेत गल्लीच्या टोकाला असलेल्या महापालिकेच्या शाळेचं नाव बहुतेक घरांत निघतच नाही, आणि निघालं तरी दोन वाक्यांत निकालात निघतं. ‘तिथे काही शिकवत नाहीत’ असं सांगणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या शाळेचं फाटक ओलांडलेलं असतं. माझी विनंती एवढीच आहे की निर्णय कोणताही घ्या, पण आधी शाळेत जाऊन या.

महापालिकेच्या सगळ्याच शाळा चांगल्या आहेत असं मी म्हणणार नाही. एका इमारतीत अनेकदा तीन-चार शाळा भरतात. तळमजल्यावर मराठी, वर उर्दू, त्याच्या वर हिंदी. काही सकाळच्या सत्रात, काही दुपारच्या. प्रत्येकीचे मुख्याध्यापक वेगळे, शिक्षक वेगळे, शिस्तही वेगळी. त्यामुळे ‘महापालिकेची शाळा’ असा एकगठ्ठा विचार करून उपयोग नाही. तुमच्या मुलाला ज्या वर्गात बसायचं आहे, तो वर्ग बघावा लागतो.

जाण्याआधी थोडी माहिती घरी बसून मिळते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. तो यू-डायसच्या संकेतस्थळावर घातला की शाळेचा पट, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहं यांची नोंद दिसते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, हे लक्षात ठेवून ती वाचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. पण हा आकडा पूर्ण शाळेचा असतो. साठ मुलांची शाळा असेल तर दोन शिक्षकांत नियम पाळला जातो, आणि त्या दोघांना पाच इयत्ता सांभाळाव्या लागतात. मराठी माध्यमाच्या अनेक शाळांचा पट घसरला आहे, तिथे हा प्रश्न आवर्जून विचारा: पहिली आणि दुसरी एकत्र बसतात का? एकत्र बसवूनही छान शिकवणाऱ्या बाई असतात, पण तुम्हाला ते आधी माहीत असलेलं बरं.

शाळेत अचानक शिरू नका. फाटकावर सुरक्षारक्षक अडवतो आणि त्याने अडवलंच पाहिजे. मुख्याध्यापकांना भेटून वेळ मागा, मुलांचे फोटो काढू नका. ज्या मुख्याध्यापकांना वर्ग दाखवायला संकोच वाटत नाही, त्यांच्याबद्दल माझं मत तिथेच निम्मं चांगलं होतं. स्नेहसंमेलनाचा किंवा स्वातंत्र्यदिनाचा दिवस निवडू नका. साधा मंगळवार-बुधवार बघा, शक्य असेल तर पावसाळ्यातला. हजेरीपटावर किती मुलं आहेत आणि बाकांवर किती बसली आहेत, हे तुमच्या डोळ्यांना दिसेल.

तुमचं मूल पहिलीत जाणार असलं तरी वेळ काढून तिसरीच्या वर्गात बसा. शाळेने दोन-अडीच वर्षांत काय केलं ते तिथे कळतं. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, हेच २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्ट आहे. ते तपासायला तज्ज्ञ लागत नाही. १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांतून काम सुरू केलेली ‘प्रथम’ संस्था २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन ‘असर’ नावाची पाहणी करते. त्या पाहणीची साधनं अगदी साधी आहेत: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं.

तुम्हीही शिक्षकांच्या परवानगीने असंच करून बघू शकता. एक पातळ गोष्टीचं पुस्तक बरोबर न्या. पाठ्यपुस्तकातला धडा वाचायला सांगू नका, कारण तो पुष्कळ मुलांना पाठ असतो आणि बोट भलत्याच ओळीवर फिरत असतं. नवं पान द्या. मूल जोडाक्षरावर अडखळलं तर हरकत नाही. वाचून झाल्यावर ‘मग त्या मुलीने काय केलं?’ असं विचारा. उत्तर आलं की समजावं, वाचन झालं आहे. पाटीवर ६३ मधून २७ वजा करायला द्या. फक्त पुढच्या बाकावरच्या हुशार मुलांना विचारू नका, खिडकीशी गप्प बसलेल्यालाही विचारा. चार-पाच मुलांत चित्र स्पष्ट होतं. मुलांना हे परीक्षेसारखं वाटता कामा नये, गप्पा मारत करा.

मग वह्या चाळा. सगळ्या वह्यांत एकच उत्तर, एकच वाक्यरचना आणि शेवटी लाल बरोबरची खूण, याचा अर्थ मुलं फळ्यावरून उतरवून घेत आहेत. चुकलेला शब्द बाईंनी शेजारी नीट लिहून दिला आहे का, मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेली चार वेडीवाकडी वाक्यं कुठे आहेत का, ते शोधा. अशी वाक्यं सापडली, तर भिंतींचा रंग उडालेला असला तरी ती शाळा माझ्या यादीत वर जाते.

बाईंशी बोला, पण त्यांची उलटतपासणी घेऊ नका. गेल्या वर्षी या वर्गाला कोण होतं, ते विचारा. वर्षात दोन-तीनदा शिक्षक बदलले असतील तर पहिलीतल्या मुलाचं मोठं नुकसान होतं. जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतील मदत ही कामं कायद्यानेच शिक्षकांवर टाकता येतात. त्या दिवसांत वर्ग कोण घेतं? घरी भोजपुरी, अहिराणी किंवा दख्खनी बोलणारं मूल वर्गात बोललं तर काय होतं? हसतात, गप्प करतात की त्याच्या शब्दापासून पुढच्या शब्दाकडे नेतात, हे मला इतर सगळ्या सोयींपेक्षा महत्त्वाचं वाटतं. छडी दिसली तर तिथून निघा. शारीरिक शिक्षेला कायद्याने बंदी आहे.

स्वच्छतागृह सकाळी बघू नका, मधल्या सुट्टीनंतर बघा. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी येतं का, दिवसातून कितीदा धुतात, हे तिथल्या सफाई करणाऱ्या मावशींना विचारा. पोषण आहाराच्या वेळी थांबा. पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे, आणि वाढण्याआधी मोठ्यांनी चव घेऊन नोंद करायची असते. ती नोंदवही मागा. तक्रारपेटी कुणाच्या नजरेसमोर टांगली आहे, मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या सखी सावित्री समितीत कोण आहे, तेही बघून घ्या.

माध्यमाबद्दल माझं मत ठाम आहे. मूल ज्या भाषेत स्वप्नं बघतं आणि घरातलं कुणीतरी जी वाचू शकतं, तीच पहिल्या इयत्तांची भाषा असावी. मुंबईत महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. एवढी सोय देशात फार थोड्या शहरांत असेल. ‘मुंबई पब्लिक स्कूल’ ही पाटी किंवा केंद्रीय मंडळाची संलग्नता पाहून हुरळून जाऊ नका. पहिलीत मंडळ शिकवत नाही, वर्गावरच्या बाई शिकवतात. इंग्रजी आलंच पाहिजे, पण समजलेल्या भाषेचा आधार घेऊन. आणि हे सगळे प्रश्न भरमसाट फी घेणाऱ्या खासगी शाळेलाही विचारा. तिथे तुम्हाला तिसरीच्या वर्गात बसू देतात का, बघा.

शाळा मनाला पटली, पण दोन-तीन गोष्टी खटकल्या, असंच बहुधा होईल. अशा वेळी शाळा व्यवस्थापन समितीत नाव द्या. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. कित्येक शाळांत ही समिती सह्यांपुरती उरते, कारण पालकांना आपला अधिकारच ठाऊक नसतो. आईंनी तर नक्की जावं. बंद नळ, रिकामी शिक्षकाची जागा, अळणी खिचडी हे विषय सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. मुख्याध्यापकांच्या हातात नसलेली गोष्ट विभाग निरीक्षकांकडे आणि तिथून प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्याकडे लेखी द्या, पोच घ्या.

प्रवेशासाठी जूनचीच वाट पाहावी लागत नाही. वर्षाच्या मध्येही मुलाला घ्यावं लागतं. जन्माचा दाखला नाही म्हणून नकार देता येत नाही, मुलाची किंवा तुमची परीक्षा घेता येत नाही. कुणी परत पाठवलंच तर वाद घालत बसू नका. नकाराचं कारण कागदावर मागा, आणि तो कागद घेऊन त्याच दिवशी प्रशासकीय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जा.