व्यसन बाजाराचे, सुटका मात्र एकट्याची

संसदेने २०१९ साली ई-सिगारेटवर बंदी घालणारा कायदा संमत केला, तेव्हा एका नव्या व्यसनाला उंबरठ्यावरच अडविल्याचे समाधान अनेकांना वाटले. ते अगदीच अनाठायी नव्हते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार या देशातील २८.६ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे २६ कोटी ७० लाख माणसे, या ना त्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होती. अशा देशाने निकोटिनच्या आणखी एका वाहनाला प्रवेश नाकारला, तर त्याला दूरदृष्टीच म्हणावे लागेल. परंतु कायदा झाला की वस्तू नाहीशी होते, असा अनुभव निदान महाराष्ट्राला तरी नाही. २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला या बंदीच्या काटेकोर पालनासाठी जाहीर सूचना काढावी लागली आणि उल्लंघनाच्या तक्रारींसाठी स्वतंत्र पोर्टल उघडावे लागले, यातच सारे आले. मोठ्या शहरांतील कॉलेजांच्या आवारात ‘व्हेप’ हा शब्द आज कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तेव्हा बंदी योग्य की अयोग्य, या वादापेक्षा निराळाच प्रश्न आता विचारला पाहिजे. ज्यांना ही चटक लागून चुकली आहे, त्यांच्या सुटकेची कोणती तजवीज समाजाने केली आहे?

राख नाही आणि शेवटही नाही

या उपकरणाची रचना साधी आहे. एक बॅटरी, एक तापणारी तार आणि प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवासिक द्रव्ये व निकोटिन यांचे मिश्रण. झुरका घेतला की तार तापते आणि द्रवाचे सूक्ष्म तुषार छातीत जातात. त्याचे आजचे स्वरूप हॉन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास सिद्ध केले. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता आणि त्याच्या वडिलांचा अंत फुप्फुसाच्या कर्करोगाने झाला होता. म्हणजे सिगारेटच्या पाशातून माणसाला सोडविणे, हाच या शोधामागील हेतू होता. परंतु शोधकाचा हेतू आणि बाजाराचा हेतू एकच असतो, असे थोडेच आहे?

अमेरिकेत २०१५ मध्ये ‘जूल’ हे उपकरण विक्रीस आले. त्यात निकोटिनला बेंझोइक आम्लाची जोड देऊन त्याचा क्षार वापरलेला होता. शुद्ध निकोटिनची मात्रा वाढली की घसा खवखवतो, नवशिक्याला ठसका लागतो आणि तो हात आखडता घेतो. ही खवखव म्हणजे शरीराने दारात बसविलेला राखणदारच होय. क्षाराच्या योजनेने तो राखणदार झोपी गेला. मोठी मात्रा, सौम्य घोट आणि जोडीला आंबा, पुदिना यांसारखे स्वाद असा हा मामला होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सिगारेट पेटवावी लागते, ती जळत जाते आणि संपते. दिवसाला पाच की दहा, हे ओढणाऱ्याला मोजता येते. व्हेपला असा पूर्णविराम नाही. वास फारसा नाही, राख नाही, थोटूक नाही. वसतिगृहाच्या खोलीत, जिन्यात, अंथरुणावर पडल्यापडल्याही झुरके चालूच राहतात. उपभोगाचे एककच नाहीसे झाले, की उपभोक्त्याचा हिशेबही नाहीसा होतो. आणि ज्याचा हिशेब राहत नाही त्याला आवर घालणे अवघड, हे घरखर्चाइतकेच व्यसनालाही लागू आहे.

परिणाम लवकरच दिसून आला. २०१९ च्या पाहणीत अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७.५ टक्के विद्यार्थी ई-सिगारेट ओढीत असल्याचे आढळले. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, ‘अल्ट्रिया’ या सिगारेट कंपनीने जूलमधील ३५ टक्के भाग १२८० कोटी डॉलर मोजून विकत घेतला होता. सिगारेट सोडविण्याचे साधन म्हणून जे मिरवत होते, त्यात सिगारेटवाल्यांनीच एवढे भांडवल का ओतावे, याचे उत्तर शोधण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पुढे स्वादांवरील निर्बंध, खटले आणि लोकजागृती यांमुळे हे प्रमाण २०२४ पर्यंत ७.८ टक्क्यांवर उतरले. बाजाराने वाढविलेले व्यसन सार्वजनिक प्रयत्नांनी खाली आणता येते, हा यातील आशेचा भाग होय.

धोक्याचे नेमके स्वरूप

आरोग्याच्या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. ‘ही नुसती वाफ आहे’ हे एक, आणि ‘हे सिगारेटहूनही घातक’ हे दुसरे. दोन्ही मते सत्याला धरून नाहीत. सिगारेटमध्ये तंबाखू जळते; तीतून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतात. व्हेपमध्ये ज्वलन नसल्याने हे दोन्ही टळतात. म्हणून वर्षानुवर्षे सिगारेट ओढणारा माणूस पूर्णपणे व्हेपकडे वळला तर त्याची हानी घटते, हे ब्रिटनमधील आरोग्ययंत्रणेचे म्हणणे निराधार नाही. परंतु ज्याने कधी सिगारेटला स्पर्शही केला नव्हता, त्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याची तुलना सिगारेटशी नव्हे, तर स्वच्छ हवेशी केली पाहिजे. त्या तुलनेत त्याच्या वाट्याला केवळ तोटाच येतो. निकोटिन नाडीची गती आणि रक्तदाब वाढविते. तापलेल्या तुषारांत फॉर्माल्डिहाइडसारखी द्रव्ये आणि धातूंचे अंश आढळले आहेत. शिवाय मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. त्या वयात लागलेली चटक अधिक खोल रुजते.

या उपकरणांना बाजारात येऊन जेमतेम दोन दशके झाली, हेही ध्यानात घेतले पाहिजे. सिगारेटचा खप विसाव्या शतकाच्या आरंभापासून वाढत गेला. फुप्फुसाच्या कर्करोगाशी तिचे नाते डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५० मध्ये सप्रमाण मांडले. रोगाचे हिशेब असे उशिरा चुकते होतात. पुरावा अद्याप हाती आला नाही, याचा अर्थ अपाय नाही असा होत नाही.

अमेरिकेत २०१९ मध्ये फुप्फुसाच्या तीव्र इजेची जी साथ आली, तिचाही अर्थ नीट लावला पाहिजे. फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू यांची नोंद झाली. मुख्य ठपका व्हिटॅमिन ई ॲसिटेट या द्रव्यावर आला. गांजातील मादक द्रव्य असलेल्या आणि बहुधा चोरट्या मार्गाने मिळविलेल्या द्रवांत ते मिसळलेले होते. सरसकट प्रत्येक व्हेपने ही इजा झाली, असे म्हणणे चूक. परंतु ज्या मालावर कोणाची देखरेख नाही, त्यात काय मिसळले आहे हे ओढणाऱ्याला कळत नाही, हा त्यातील धडा आहे. भारतात बंदीनंतर मिळणारा सारा मालच या प्रकारचा आहे.

बंदीचे बळ आणि तिच्या मर्यादा

महाराष्ट्राने गुटख्यावर प्रथम २००२ मध्ये बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या आधारे बंदी पुन्हा आली आणि वर्षागणिक वाढविली गेली. गुटखा त्यामुळे नाहीसा झाला नाही. तो टपरीच्या फळीवरून फळीखाली गेला. तथापि बंदी निरर्थक ठरली, असेही म्हणता येणार नाही. उघड मांडणी आणि जाहिरात थांबली, की नव्या गिऱ्हाइकाचा ओघ कमी होतो. राज्यातील प्रौढांत तंबाखूसेवनाचे प्रमाण २००९-१० मध्ये ३१.४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आले. त्याचे श्रेय एकट्या बंदीला देता येत नाही. पण पुरवठ्याची वाट अडविणे हे उपायांपैकी एक आहे, हे मान्य करावे लागते.

मात्र पुरवठा अडविल्याने मागणी मरत नाही. निकोटिनची मागणी लवचिक नसते. वस्तू महागली तरी आधीच जखडलेला माणूस अन्य खर्चाला कात्री लावतो किंवा स्वस्त पर्यायाकडे वळतो. व्हेप मिळेनासा झाला तर तो विद्यार्थी कॉलेजसमोरच्या टपरीवर सुटी सिगारेट घेईल. शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे, ही गोष्ट निराळी! आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

२०१९ चा कायदा करणारांनी एक शहाणपणाची गोष्ट केली आहे. कायद्याच्या लांबलचक नावात उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांची यादी आहे. सेवनाचा उल्लेख तीत नाही. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही, ही शिक्षा व्यापाऱ्यासाठी आहे. असे असताना विद्यार्थ्यांची दप्तरे तपासावयाची, सापडलेल्याला काढून टाकण्याची धमकी द्यावयाची आणि माल आणणाऱ्याकडे काणाडोळा करावयाचा, हा प्रकार म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! धाकाचा परिणाम एवढाच होतो की, ज्याला मदत हवी तो ती मागण्यास पुढे येत नाही.

सुटकेचे अर्थशास्त्र

व्यसन सोडणे हा निव्वळ मनोनिग्रहाचा प्रश्न आहे, अशी आपल्याकडे समजूत आहे. तीच तपासून पाहिली पाहिजे. अभ्यासात लक्ष लागावे म्हणून झुरका घेतो, असे विद्यार्थी सांगतो. वस्तुतः रक्तातील निकोटिनचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते आणि त्या तुटीमुळेच अस्वस्थता व चंचलता वाढते. झुरका ती तूट तेवढी भरून काढतो. जुन्या सावकारीतल्याप्रमाणे कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढण्याचा हा व्यवहार आहे. कुळाला मात्र सावकार उपकारकर्ता वाटतो.

हे खाते बंद करणे कठीण असले तरी अशक्य नाही. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात. चिडचिड, झोपमोड आणि भूक यांचा जोर बहुधा तीन-चार आठवड्यांत ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. पण नेमक्या त्या मिनिटांत माणूस एकटा असतो. इच्छा नसते असे मुळीच नाही. वर उल्लेखिलेल्या पाहणीत धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोक ते सोडण्याचा विचार करीत होते. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग स्वतः सिगारेटशी अनेक वर्षे झगडले. सकाळी संकल्प करणारा आणि रात्री तो मोडणारा, असे दोघे जण एकाच माणसात वसत असतात, हा विचार त्यांनी गंभीरपणे मांडला. यातील पहिल्याला बाहेरून बळ दिले तर पारडे फिरते. फिलिपीन्समधील मिंडानाओ बेटावर एका बँकेने धूम्रपान करणाऱ्यांना असे खाते देऊ केले की, सहा महिन्यांनी चाचणीत निकोटिन आढळल्यास जमा रक्कम दानधर्मात जाईल. ज्यांना हे खाते देऊ केले, त्यांच्यात सोडणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी अधिक आढळले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. आकडा लहान असला तरी नुसत्या उपदेशाने तेवढेही साधत नाही.

तोच व्हेप हाती घेऊन सिगारेट सोडावी, हा युक्तिवादही तपासण्यासारखा आहे. ब्रिटनमध्ये ८८६ जणांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के लोक वर्षअखेर सिगारेटमुक्त होते. निकोटिनच्या गोळ्या, पट्ट्या इत्यादी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९.९ टक्के होते. परंतु यशस्वी झालेल्यांपैकी पहिल्या गटातील ८० टक्के लोक तेव्हाही ई-सिगारेट ओढीतच होते. दुसऱ्या गटात गोळ्या-पट्ट्या चालू ठेवणारे केवळ ९ टक्के होते. सुंभ जळाला तरी पीळ जळला नाही, असाच याचा अर्थ. ज्या ब्रिटनने व्हेपला औषधाचे स्थान दिले, त्यानेही एकदा वापरून टाकावयाच्या व्हेपची विक्री १ जून २०२५ पासून बंद केली, हे सूचक आहे.

भारतात साधनांचा अगदीच अभाव नाही. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे. निकोटिनचा पर्यायी उपचार २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधसूचीत समाविष्ट झाला. परंतु यात एक विसंगती आहे. हा दूरध्वनी क्रमांक सप्टेंबर २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर छापला जातो. व्हेप बेकायदा असल्याने त्याच्या वेष्टनावर ना भारतीय इशारा, ना हा क्रमांक. ज्याला त्याची गरज आहे, त्याच्या नजरेस तो पडतच नाही!

तेव्हा करावयाचे काय? हा क्रमांक प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर आणि वसतिगृहात लागला पाहिजे. मदत मागणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव गुप्त राहील आणि त्याच्यावर कारवाई होणार नाही, अशी लेखी हमी संस्थेने दिली पाहिजे. सूचीत समाविष्ट झालेले औषध सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर प्रत्यक्ष मिळाले पाहिजे. तंबाखूवरील करांतून येणाऱ्या उत्पन्नाचा ठराविक वाटा यासाठी राखून ठेवला, तर पैशाची सबबही उरणार नाही. धाडी घालावयाच्याच असतील, तर त्या आयात करणाऱ्याच्या गुदामावर घालाव्यात.

ज्या व्यसनामागे रसायनशास्त्रज्ञांची बुद्धी आणि कोट्यवधी डॉलरचे भांडवल उभे आहे, त्याच्याशी विशीतल्या मुलाने केवळ स्वतःच्या निश्चयावर झुंजावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. निश्चय त्याचा त्यालाच करावा लागेल, यात शंका नाही. तो टिकावा यासाठी लागणारा आधार उभा करणे हे मात्र शासनाचे, शिक्षणसंस्थांचे आणि पालकांचे काम आहे. कायद्याने दार लावून घेतले, हे उत्तमच झाले. आत अडकलेल्यांना बाहेर काढण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.