हातचे राखून दान

मुंबईतील वकिलांच्या मोठ्या पेढ्या सेवाभावी संस्थांना हातभार लावू लागल्या आहेत. त्यांचे कर्मचारी सुटीच्या दिवशी समुद्रकिनारे झाडतात. हे स्तुत्यच होय. परंतु केरसुणी कोणीही धरील. जामिनाचा अर्ज मांडण्यास वकीलच हवा. २०२२ च्या अखेरीस देशातील दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी होते. कोठडीतील माणसाला मोफत वकिलाचा हक्क १९८७ च्या कायद्याने दिला. तो निभावण्याचा भार मात्र तुटपुंज्या मानधनावरील वकिलांवर पडतो. जामीन मंजूर होऊनही हमीच्या रकमेअभावी कित्येकजण आतच राहतात. या पेढ्यांनी आपल्या निष्णात वकिलांचा महिन्यातील एक दिवस आर्थर रोड तुरुंगातील कच्च्या कैद्यांसाठी द्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. सर्वांत मोलाचे ते हातचे राखून केलेले दान अपुरेच राहते.