रात्री दारात बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्याला आवतण



आज कांद्याच्या रोपांवर लिहायचं ठरवलं होतं, ते पुढच्या वेळी. आज कुत्र्यावर लिहितो. गेल्या आठवड्यात आमच्या वस्तीपासून दोन शेतं सोडून एकाचं कुत्रं बिबट्यानं नेलं. सकाळी जमलेली माणसं तेच बोलत होती, जे तीन वर्षांपूर्वी माझ्या दारात बोलली होती. "बांधलेलं होतं बिचारं. पळता पण आलं नाही."

माझा मोत्या. गावठीच, तांबड्या रंगाचा. गोठ्याच्या खांबाला साखळीनं बांधलेला असायचा, दिवसा पण आणि रात्री पण. त्या आठवड्यात आमच्या फिडरला रात्रीची लाईट होती, म्हणून पहाटे तीनला मोटर चालू करायला उठलो. मोत्या भुंकला नाही, उठून अंग झटकल्याचा आवाज पण नाही. बॅटरी मारली तर साखळी ताणलेली, पट्टा तुटलेला आणि ओढत नेल्याची रेघ सरळ उसाकडे गेलेली. तो खांब आणि घराची पडवी यात अंतर किती, तर बारा पावलं. पडवीत माझा नातू आजीजवळ झोपला होता.

त्या दिवशी मी पण सगळ्यांसारखा वनखात्याच्या नावानं ओरडलो. पिंजरा लावा, पिंजरा लावा. नंतर शांत डोक्यानं बसलो तेव्हा एक गोष्ट टोचायला लागली. वनखातं पिंजरा लावतं तेव्हा आत सावज म्हणून शेळी ठेवतं, नाहीतर कोंबड्या ठेवतं. मी तेच करत होतो. रोज रात्री, घराच्या दारात, फक्त पिंजरा नव्हता.

आमच्याकडची म्हातारी माणसं बिबट्याला वाघच म्हणतात आणि वाघ म्हणजे गुरं खाणारा असा समज. खरं काय ते बघा. आपल्या जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून तपासली होती. बिबट्यानं खाल्लेल्या मांसात वजनाच्या हिशोबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, १०० तला ३९. त्याच्या खाली मांजरं, १५. शेळ्या त्यानंतर. म्हणजे उसात राहणाऱ्या बिबट्याचं निम्म्याहून जास्त पोट आपल्या दारातल्या कुत्र्या-मांजरांवर भरतं. आपण मात्र शेळ्यांना कुडाच्या आत घालतो, कोंबड्या झाकतो आणि कुत्र्याला बाहेर बांधून दार लावून घेतो.

चाकणकडच्या मित्रांना वाटेल हे जुन्नर-आंबेगावचं दुखणं आहे. तसं नाही. मार्च २०२२ मध्ये बिबट्या चाकणच्या मर्सिडीज-बेंझच्या कारखान्यात शिरला होता. काही तास काम थांबलं, त्याला भूल देऊन बाहेर काढलं आणि माणिकडोहच्या निवारा केंद्रात नेलं. भामा-आसखेडचं, चासकमानचं पाणी आलं, ऊस वाढला, उसाला लागून एमआयडीसी आली. त्याला काय, रात्री कंपनीचं कुंपण आणि आपला बांध सारखाच.

आणि २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड भागात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यात दोन लेकरं. मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला. माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागली. त्या घरांच्या दु:खावर मी काही बोलणार नाही, आणि तिथं कुत्र्यामुळे झालं असंही मी म्हणत नाही. दिवसाची लाईट मिळालीच पाहिजे, माणसावर हल्ला करणारा बिबट्या पकडलाच पाहिजे, या मागण्यांना माझी सही आहे. पण सरकार करील ते करील. दारातली साखळी तर माझ्या हातात आहे ना?

यावर सगळीकडे एकच प्रश्न येतो. "मग राखण कोण करणार? केबलचोर, स्टार्टरचोर काय कमी आहेत?" बरोबर आहे. आमची केबल दोनदा गेली आहे. पण राखणीला कुत्र्याचं नाक, कान आणि भुंकणं लागतं. ते जाळीच्या आतून पण होतं. चोर आला काय, बिबट्या आला काय, आतलं कुत्रं भुंकतं, आपण लाईट लावतो, ओरडतो. बांधलेलं कुत्रं एकदाच भुंकतं, मग गप्प होतं.

मोत्यानंतर आणलेल्या पिल्लासाठी मी गोठ्याच्या भिंतीला लागून खुराडं केलं. सहा फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट उंच. खाली कोबा, लोखंडी अँगल, जाड वेल्डमेश, वर जुना पत्रा. पत्र्याखाली पण जाळी घ्या, कारण बिबट्या वरून येतो. नुसता पत्रा त्याच्या वजनानं दबतो. कडी बाहेरून, खाली-वर दोन. कोंबड्यांची षटकोनी जाळी चालत नाही, पंजानं फाटते. एका बाजूला फळी मारा म्हणजे कुत्र्याला आडोसा मिळतो, नाहीतर रात्रभर समोरचं बघून घाबरून ते खाणं सोडतं. भंगारातला अँगल वापरला म्हणून मला वेल्डिंगसकट साडेपाच हजारात पडलं. दिवेलागणीला आत, सकाळी उजाडल्यावर बाहेर.

बाहेर म्हणजे मोकळं, साखळीला नाही. हे पण सांगतो, कारण आपल्याकडे चावरं कुत्रं म्हणजे चांगलं कुत्रं असं मानतात. मोत्या चावरा होता. दूधवाल्याला चावला, पाहुण्याला चावला. आम्ही कौतुक करायचो. आता कळतं, दिवसभर तीन हात साखळीला राहिलेलं कुत्रं पिसाटणारच. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सुद्धा कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला नीट फिरवलं नाही तर गुन्हा धरला आहे. नवीन कुत्रं सकाळी माझ्याबरोबर सगळ्या बांधावरून हिंडतं. लहानपणापासून चार माणसांचे हात लागलेत त्याला. अनोळखी आला की भुंकतं, पण अंगावर जात नाही. जेवण रोज त्याच वेळी, खुराड्यात. त्यामुळे संध्याकाळी ओढून न्यावं लागत नाही, आपणहून आत जाऊन बसतं.

मांजराचं पण तसंच. कांदाचाळीत उंदरांसाठी मांजर पाहिजेच, पण रात्री घरात घ्या. आणि मांजर पाळलं असेल तर चाळीत उंदराचं औषध टाकू नका. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो आणि मांजराला तोच आधी सापडतो. आमची एक मांजरी अशीच गेली.

आता लशीचं. तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, महिन्याभरात बूस्टर, मग दर वर्षी. कुत्र्याला पण, मांजराला पण. बिबट्याच्या तोंडातून सुटलेलं कुत्रं असेल तर आधीची लस झालेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, बिबट्याला पण रेबीज होतो. माणसाला चावलं किंवा ओरखडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायची. हळद, चुना, चटणी काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना. लक्षणं दिसायला लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ वाचतच नाही, म्हणून उद्या बघू हा शब्द इथं नको. गोव्यानं गावोगाव कुत्र्यांना लस देत देत २०२१ मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर केलं. तिथली कुत्री काही वेगळी नाहीत.

पण पाळलेल्या कुत्र्याचं करून भागत नाही, मोकाटांचं काय? पिंपरी-चिंचवडला महापालिकेचा पशुवैद्यकीय विभाग आहे. आमच्या ग्रामपंचायतीकडे साधी गाडी नाही. २०२३ च्या नियमात मोकाट कुत्र्यांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी ग्रामपंचायतींवर पण टाकली आहे. पैसा कुठून आणायचा, हा सरपंचाचा प्रश्न मला रास्त वाटतो. त्यात एमआयडीसीतले भाडेकरू पिल्लं पाळतात आणि नोकरी सुटली की खोलीबरोबर पिल्लू पण सोडून जातात. पुण्याहून गाडीत घालून आणून सोडलेली लॅब्राडॉर मी स्वत: बघितली आहेत. तसं सोडून देणं गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याला दंड पन्नास रुपये, तो पण जास्तीत जास्त. असलं कुत्रं उसाच्या कडेला आठ दिवस पण टिकत नाही.

दुसरी बाजू आपलीच. पोल्ट्रीवाले मित्र रागावतील, पण मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकायच्या, हॉटेलचं खरकटं रस्त्याच्या कडेला ओतायचं, आणि मग कुत्री फार झाली म्हणायचं. कोंबड्या टाकल्या तिथं कुत्री, कुत्री तिथं बिबट्या. खड्डा घ्या, चुना टाका, वर माती ओढा. एका मजुराचं अर्ध्या तासाचं काम आहे.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी दोन विषय देणार आहे. गावातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांचं एका दिवसात लसीकरण, आणि मेलेल्या कोंबड्यांसाठी सामाईक खड्डा. पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोललोय, लस आली की यायला ते तयार आहेत. आमच्याकडे ऊसतोड चालू झाली आहे, फड मोकळे व्हायला लागले की बिबट्या जागा बदलतो, वस्तीकडे सरकतो. तेव्हा खुराडं करायचं असेल तर याच आठवड्यात करा. वेल्डिंगवाल्याला दाखवायला फोटो आणि मापं पाहिजे असतील तर खाली कमेंटमध्ये सांगा, टाकतो.