देवाची करणी आणि टायरात हवा

'देवाची करणी आणि नारळात पाणी' ही म्हण आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. नारळाचं ठीक आहे. पण आपल्याकडे गाडीचा टायर फुटला तरी लोक हेच म्हणतात. "काय करणार, टायरच फुटला!" एवढं म्हटलं की विषय संपला. चालक सुटला, मालक सुटला, राहिला फक्त देव.

मुंबई उच्च न्यायालयाला मात्र हे पटलेलं नाही. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका कारचा मागचा टायर फुटला, गाडी दरीत कोसळली आणि आतल्या एका प्रवाशाचा जीव गेला. विमा कंपनीचं म्हणणं होतं, टायर फुटणं म्हणजे 'ॲक्ट ऑफ गॉड', आम्ही भरपाई का द्यायची? २०२३ साली न्या. एस. जी. दिगे यांनी हे म्हणणं फेटाळलं. टायर फुटणं ही देवाची करणी नाही, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे, असं कोर्टाने सांगितलं. जास्त वेग, कमी किंवा जास्त हवा, सेकंड हँड टायर, तापमान ही कारणंही दिली. निघण्यापूर्वी टायर कसे आहेत ते बघणं हे चालकाचं काम आहे, असंही म्हटलं. कुटुंबाला मिळालेली सुमारे सव्वा कोटीची भरपाई कायम राहिली.

मला वाटतं हा निकाल वकिलांपेक्षा आपण इंजिनिअरिंगच्या पोरापोरींनी वाचायला हवा. कारण टायर बदलायची वेळ आली की आपण सगळं थर्मोडायनॅमिक्स वहीत ठेवून देतो आणि 'लूक' बघून टायर घेतो.

आता आमच्या वाटूरचंच उदाहरण घ्या. परतूर तालुक्यातलं हे गाव. जालना-मंठा रस्ता आणि परतूरचा रस्ता आमच्या फाट्यावर एकमेकांना मिळतात. इकडे जालन्याच्या सळ्या आणि भंगार वाहणारे ट्रक, तिकडे ट्रॅक्टर-ट्रॉल्या. खिळे, तारांचे तुकडे, पत्रा, काय पाहिजे ते रस्त्यावर सापडेल. त्यात खाली काळी माती. पाणी लागलं की फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि वरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. खड्डे का पडतात याचं निम्मं उत्तर सिव्हिलवाल्यांच्या पहिल्या सॉईल मेकॅनिक्सच्या तासातच मिळतं.

अशा गावात मामांनी सेकंड हँड स्विफ्ट घेतली. छोटी, चपळ, वळणावर चिकटून जाणारी गाडी. २००५ साली भारतात आल्यापासून पोरांची लाडकी. आधीच्या मालकाने हौसेने १६ इंची अलॉय व्हील्स आणि १९५/५५ आर १६ चे टायर बसवले होते. गाडी उभी असली तरी पळते आहे असं वाटायचं! एका पावसाळ्यात तीन पंक्चर झाले आणि चौथ्या वेळी खड्ड्यात आदळून एका टायरच्या कडेला फुगा आला. आता टायर बदलायचे, पण कोणते? फाट्यावर जेवढी माणसं तेवढे सल्ले. "मामा, रुंद टाका, २०५ टाका, पंक्चर कमी होतात." "नवे कशाला? जालन्यात सेकंड हँड अर्ध्या किमतीत मिळतात." शेवटी घरातली इंजिनिअर म्हणून प्रश्न माझ्याकडे आला. उत्तर शोधताना जे कळलं ते इथे मांडते आहे.

पहिली गोष्ट, पंक्चर आणि फुगा हे दोन वेगळे आजार आहेत. खिळा कुठल्याही टायरमध्ये घुसतो, मग तो रुंद असो की अरुंद, महाग असो की स्वस्त. छिद्र रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात असेल आणि साधारण सहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल, तर टायर फेकायचं कारण नाही. बाहेरून दोरी घालून काम भागतं, पण चांगला उपाय म्हणजे टायर रिमवरून काढून आतून मशरूम लावणं. कारण तेव्हाच आतली बाजू डोळ्यांनी दिसते. पंक्चर झालेली गाडी तशीच दोन किलोमीटर चालवली असेल तर आतल्या कडेचं रबर चुरलेलं असू शकतं, आणि ते बाहेरून कळत नाही.

कडेला छिद्र किंवा फुगा असेल तर मात्र दुरुस्ती नाही. फुगा म्हणजे आतले धागे तुटले आणि हवा आता नुसत्या रबराच्या भरवशावर थांबली आहे. "चालेल अजून महिनाभर" हे वाक्य इथे म्हणायचं नाही.

दुसरी गोष्ट, साईज. टायरवर १८५/६५ आर १५ असं लिहिलेलं असतं ते कशाला? १८५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे कडेची उंची, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनी बरीच वर्षं हीच साईज देत आली आणि खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४. आता गणित करा. १८५/६५ आर १५ चा पूर्ण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो, १६५/८० आर १४ चा ६१९.६ आणि मामांच्या १९५/५५ आर १६ चा ६२०.९. तिन्ही जवळजवळ सारखेच! म्हणजे चाक बाहेरून तेवढंच राहिलं, फक्त आत लोखंड किंवा ॲल्युमिनियम वाढलं आणि रबर कमी झालं. कडेची उंची १३२ वरून १२० आणि १२० वरून १०७ मिलिमीटरवर आली.

१२० आणि १०७ मध्ये फरक फक्त तेरा मिलिमीटरचा, एका बोटाच्या जाडीएवढा. पण खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये टायर चिमटतो तेव्हा हेच बोटभर रबर उपयोगी पडतं. मुंबई-पुण्याच्या गुळगुळीत रस्त्यावर १९५/५५ छान आहे. वाटूर ते परतूर रोज ये-जा करणाऱ्याला मात्र बोटभर रबर जास्त हवं. म्हणून मामांना मी सांगितलं, अलॉय विकून टाका, कंपनीची १८५/६५ आर १५ परत आणा आणि साधे स्टीलचे रिम घ्या. स्टीलचा रिम वाकला तर ठोकून सरळ करता येतो, अलॉयला तडा गेला की संपलं.

आणि २०५ चा सल्ला? २०५/६५ आर १५ चा व्यास ६४७.५ येतो, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०४ ने धावत असेल. इंजिनवर ओझं वाढेल, पूर्ण वळणावर टायर आत घासू शकेल. पंक्चर कमी होतील म्हणावं, तर रुंद टायर रस्त्याची जास्त जागा झाडत जातो, म्हणजे खिळा सापडायची शक्यता उलट थोडी जास्तच. शिवाय साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो, हे पावसाळ्यात लक्षात ठेवावं.

इथे हॉस्टेलचे काही मित्र नाराज होतील. "मग गाडीची मजा काय राहिली?" त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. कड उंच झाली की टायर वळणावर थोडा जास्त लवतो आणि स्टिअरिंगचा तो तडफदारपणा किंचित कमी होतो. हे मी नाकारत नाही. पण पावसात गाडी थांबते कशामुळे? रबर कोणतं आहे आणि नक्षी किती शिल्लक आहे, यावर. म्हणून अलॉयला पैसे घालण्यापेक्षा तेच पैसे चांगल्या टायरला घाला.

तिसरी गोष्ट, वय. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. दुकानदाराला हा आकडा दाखवायला सांगा, लाजू नका. भाजी घेताना आपण भेंडीचं टोक मोडून बघतो, मग चार-पाच हजारांची वस्तू न बघता का घ्यायची? सेकंड हँड टायरला काळा रंग मारला की तो नव्यासारखा चमकतो, पण आत तो किती वेळा हवेविना धावला हे कुणी सांगत नाही. नक्षीच्या खाचांत छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. घासाघीस करायची तर नव्या टायरच्या किमतीत करा.

चौथी गोष्ट ऐकून गॅरेजवालेसुद्धा वाद घालतात. दोनच टायर घ्यायचे पैसे असतील तर जोडीने घ्या आणि नवी जोडी मागे बसवा. "इंजिन पुढे आहे, मग नवे पुढे!" असं सगळे म्हणतात. पण ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा सावरते. मागची सुटली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि आपल्यासारख्या नवशिक्याला ती सावरत नाही.

शेवटची गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे हवा. मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा मुद्दाम कमी ठेवायची पद्धत आहे, "गरमीने फुटेल" म्हणून. हे अगदी उलटं आहे. हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्याला टायरची कड जास्त दुमडते, दुमडण्याने रबर आतून तापतं आणि तापलेलं रबर सुटतं. हवा किती भरायची हे ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. टायर थंड असताना तेवढी भरायची, बस. नायट्रोजन भरला तर बिघडत नाही, पण साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो!

हे सगळं आत्ताच का लिहिते आहे? कारण वाटूरहून जालन्याला गेलं की पुढे समृद्धी महामार्ग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. गावच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाणारा फुगा आलेला टायर तिथे तासन् तास शंभर-एकशेवीसने पळतो. २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे टायर तपासून गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली, ती उगाच नाही.

त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेडराजाजवळ खासगी बसचा अपघात होऊन २५ जण जळून गेले. सुरुवातीला कारण सांगितलं गेलं, टायर फुटला. परिवहन विभागाच्या पाहणीत टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत. बघा, 'टायर फुटला' हे आपल्याला किती सोयीचं उत्तर झालं आहे! टायर फुटलेला नसतानासुद्धा ते आधी तोंडात येतं. आणि खरंच फुटला असेल तरी तो आदल्या दिवशी कुणीतरी बघायला हवा होता, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आपल्या हॉस्टेलमागे पार्किंगमध्ये मित्रांच्या गाड्या उभ्या असतात. परीक्षा संपली की एका गाडीत पाच-सहा जण कोंबून शिर्डीला नाहीतर लोणारला जायचे बेत ठरतात. जरूर जा. पण निघण्याआधी खाली वाका. चारही टायर आणि स्टेपनीवर हात फिरवा, तारीख वाचा, कडेला फुगा आहे का बघा, हवा मोजून घ्या. दहा मिनिटं लागतात. गाडी ज्याची आहे तो रागावला तर रागावू द्या. मागच्या सीटवर बसणाऱ्यालाही हे विचारायचा पूर्ण हक्क आहे, कारण २०१० साली त्या दरीत जीव गेला तो गाडी चालवणाऱ्याचा नव्हता.