मंडईकरांनो, त्या पोरांना दिलेली वेळ पाळा

गाळेवाल्यांनो, हमालबंधूंनो, भाजीवाल्या मावश्यांनो, पेठांतल्या घरमालकांनो, हे आवाहन तुम्हालाच आहे.

आपल्या पुण्यात, धनकवडीच्या भारती विद्यापीठात, कॅम्पातल्या रंगूनवाला महाविद्यालयात पोरं दातांची डॉक्टरकी शिकतात. आपल्याच मुलांच्या वयाची. चार वर्षं बीडीएस, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी मेणाचे दात कोरायचे, तिसऱ्या वर्षापासून खरी माणसं खुर्चीत. वाकून वाकून मान धरते, कंबर धरते. तेही सोसतात. खरा घोर असतो पेशंटचा.

इतके दात काढले पाहिजेत, इतके भरले पाहिजेत, इतक्या कवळ्या बसवल्या पाहिजेत, असा कोटा असतो. पेशंट बऱ्याचदा पोरांनीच शोधायचा. काही जण उपचाराचे पैसे आणि रिक्षाभाडंही स्वतःच्या खिशातून भरतात, घरी न सांगता.

आणि आपण? दुखायचं थांबलं की जातच नाही. कवळीला चार-पाच फेऱ्या लागतात, आपण तिसरीलाच दांडी मारतो. तिकडे केस अर्धी, वहीवर सही नाही. परीक्षेच्या सकाळी पेशंटचा फोन बंद लागतो, तेव्हा त्या पोराच्या पोटात काय होत असेल? तुम्ही मुद्दाम कुणाचं वाईट करणारी माणसं नाही. म्हणून सांगतो, वेळ पाळा. जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवा.

तुमची स्वतःची गरजही मोठी आहे. मिश्री लावता, तंबाखू मळता? तोंड पूर्वीसारखं उघडत नाही? गालात पांढरा चट्टा आहे, जखम दोन आठवडे भरत नाही? मग उद्याच या महाविद्यालयांची ओपीडी गाठा. त्या पोराला केस मिळेल आणि तुमचा आजार वेळेत सापडेल.

पण एवढ्यानं भागत नाही. ताण साचला की पोरगं आधी गप्प होतं. जेवण टाळतं, रात्रभर जागतं, घरचे फोन उचलत नाही. मेसवाल्या काकू, डबा भरलेला परत आला तर विचारा. घरमालकांनो, खोलीचं दार दिवसभर उघडलं नाही तर कडी वाजवा. भाड्याचं नंतर बघू.

आईबाबांनो, ‘एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएस’ हे वाक्य आजपासून बंद करा. पाहुण्यांसमोर तर बोलूच नका. मार्कांआधी विचारा, जेवलीस का, झोपलास का. सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत समुपदेशक हवाच. तुमच्या मुलाच्या महाविद्यालयात तो कुठे बसतो, कधी भेटतो, हे विचारून घ्या. विचारायला लाजू नका.

कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ म्हणालं तर हसण्यावारी नेऊ नका. त्याला एकटं सोडू नका. जवळ बसा, घरच्यांना बोलवा आणि 14416 फिरवा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर गाळ्यावर लिहा, जिन्यात लिहा, मेसच्या भिंतीवर लिहा.

आणि ज्यांची या आठवड्यात दाताची तारीख आहे, त्यांनी हे वाचून झाल्या झाल्या त्या पोराला फोन करा. येतोय, एवढंच सांगा.