केंब्रिजच्या नावावर



आमच्या गावाचं नाव लावलं की भाषेबद्दलची कुठलीही बातमी खपते. सप्टेंबर २००३ मध्ये एक ईमेल जगभर फिरली, आठवत असेल. शब्दातलं पहिलं आणि शेवटचं अक्षर जागेवर ठेवा, मधली कशीही विस्कटा, तरी वाचता येतं. आणि हे म्हणे केंब्रिजचं संशोधन! इथल्याच एमआरसी कॉग्निशन अँड ब्रेन सायन्सेस युनिटमधले मॅट डेव्हिस याच विषयात काम करणारे. गावात असं संशोधन कुणी केल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. शोधल्यावर त्याच्याशी जुळणारं काम सापडलं ते नॉटिंगहॅमचं, ग्रॅहम रॉलिन्सन यांचा १९७६ चा प्रबंध. शिवाय लांब शब्द खरोखरच वाटेल तसे विस्कटले तर वाचताना चांगलीच दमछाक होते.

ती नुसती आवई होती. डिसेंबर २०२२ मधली बातमी मात्र खरी होती, म्हणून ती जास्त नीट वाचायला हवी.

सेंट जॉन्स कॉलेजच्या ऋषी राजपोपट यांनी पाणिनीचं २५०० वर्षांचं कोडं सोडवलं, असं बीबीसीपासून आपल्याकडच्या पेपरांपर्यंत सगळीकडे छापून आलं. कोडं असं: अष्टाध्यायीत सुमारे ४००० सूत्रं. शब्द घडवताना एकाच वेळी दोन सूत्रं लागू झाली तर कुठलं घ्यायचं? त्यासाठी पाणिनीने एक सूत्र दिलंय (१.४.२). परंपरा त्याचा अर्थ लावते की सूत्रपाठात नंतर येणारं सूत्र घ्या. राजपोपट म्हणतात, तसं नाही. शब्दाच्या उजवीकडच्या भागाला लागणारं सूत्र घ्या. त्यांचं उदाहरण आहे 'गुरु' अधिक 'आ': उजवीकडच्या भागाचं सूत्र लावलं की 'गुरुणा' हे बरोबर रूप मिळतं.

कल्पना सुटसुटीत आहे, यात वादच नाही. पण 'सोडवलं' हा मथळ्याचा शब्द. काही वैयाकरणांनी त्यावर आक्षेप घेतले, आणि असले वाद एका बातमीने मिटत नसतात. 'आता संगणकाला संस्कृत शिकवता येईल' हेही तसंच. हैदराबाद विद्यापीठात अंबा कुलकर्णी आणि फ्रान्समध्ये जेरार ह्युए यांनी संस्कृतसाठी संगणकीय साधनं त्याआधीच बनवलेली होती.

मला खुपलं ते वेगळंच. 'अडीच हजार वर्षं कुणाला जमलं नाही' म्हटलं की मधली सगळी माणसं पुसली जातात. कात्यायन, पतंजली तर झालेच, पण आपले नागेशभट्टही. आडनाव काळे, मुक्काम काशी. सूत्रांची टक्कर झाली तर कोण वरचढ, याची चर्चा त्यांच्या 'परिभाषेन्दुशेखरा'त आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या फ्रांझ कीलहॉर्न यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं. पुण्याचेच एस. डी. जोशी पाणिनीवर आयुष्यभर काम करत राहिले. ही मंडळी अडून बसलेली नव्हती. एकच नियम पुरत नाही हे ओळखून त्यांनी पोटनियम लावले. राजपोपटांचा दावा आहे की त्यातल्या बऱ्याच पोटनियमांची गरजच नाही. तो दावा किती मोठा, हे आधीचं काम माहीत असल्याशिवाय कळणारच कसं?

इथल्या आपल्या पोरांना ही बातमी जरूर सांगा. आपल्यातला एक मुलगा केंब्रिजला येऊन थेट पाणिनीशी भिडला, ही काही लहान गोष्ट नाही. फक्त सांगताना नागेशभट्टांचं नाव गाळू नका. नाहीतर पोरं समजतील की आपलं व्याकरण केंब्रिजने उघडेपर्यंत कुलूपबंदच होतं.

असो. थंडी वाढतेय, जपा. बाकी पुढच्या वेळी.